बी.ए.ला इंग्रजी मेजर घ्यावं का? गोव्यातले विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की इंग्रजी विभागाच्या दारात दर वर्षी जवळजवळ तेच प्रश्न येतात. विचारणारी मुलं बरीचशी पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली असतात. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढे हायस्कूलला इंग्रजीत गेलेली. सोबत वडील किंवा मामा असतात आणि खरं तर प्रश्न तेच विचारतात. मी इंग्रजी शिकवतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. पण जिथे हा विषय घेऊ नये असं वाटतं, तिथे तसं लिहिलं आहे.

इंग्रजी मेजर घेतलं की मुलगा फाडफाड इंग्रजी बोलेल ना?

बोलेल कदाचित, पण त्यासाठी हा विषय घेऊ नका. बोलण्याचा सराव सहा महिन्यांच्या चांगल्या क्लासमध्ये होतो, मित्रांमध्ये होतो, हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून तर फार लवकर होतो. मेजर म्हणजे साहित्याचा आणि भाषेचा अभ्यास. कविता, नाटक, कादंबरी वाचायची, ती अशी का लिहिली गेली असेल याचा विचार करायचा, आणि आपलं म्हणणं पुराव्यासकट चार पानांत मांडायचं. हे करताना भाषा सुधारते हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात "सर, स्पोकन कधी सुरू होणार?" असं विचारणारे विद्यार्थी दिवाळीपर्यंत कंटाळलेले असतात, आणि त्यात चूक त्यांची नसते. घरी कुणीच त्यांना हा फरक सांगितलेला नसतो.

मग तीन वर्षं शिकवतात तरी काय?

कॉलेजप्रमाणे पेपर थोडे बदलतात, पण गाभा सगळीकडे तोच. शेक्सपिअर असतोच, आणि त्याच्या आगेमागे इंग्लंडच्या साहित्याचा चारपाच शतकांचा इतिहास. मग भारतीय इंग्रजी साहित्य, अमेरिकन साहित्य, आणि ब्रिटिशांची वसाहत असलेल्या आफ्रिका, कॅरिबियन अशा प्रदेशांतलं लेखन. समीक्षेचा पेपर ॲरिस्टॉटलपासून सुरू होऊन विसाव्या शतकातल्या स्त्रीवादी आणि मार्क्सवादी विचारांपर्यंत येतो. भाषाविज्ञानात ध्वनी, शब्दरचना, वाक्यरचना. शिवाय अनुवाद, सिनेमा, सर्जनशील लेखन यांचे लहान कोर्स.

वर्गात प्रत्यक्ष घडतं ते यादीवरून कळत नाही. चौदा ओळींचं एक सुनीत घेऊन तासभर बसतो. आठव्या ओळीनंतर सूर का बदलला, अमुक ठिकाणी लय का मोडली, बोलणारा माणूस कुणाला फसवतो आहे, स्वतःला की ऐकणाऱ्याला? सुरुवातीला मुलांना हे शब्दांचा कीस पाडत बसणं वाटतं. दुसऱ्या वर्षी तीच मुलं वर्तमानपत्रातली सरकारी जाहिरात वाचून "यात काय सांगायचं टाळलंय" हे दाखवू लागतात. माझ्या मते या पदवीची खरी कमाई हीच. मजकूर बारकाईने वाचणं आणि स्वच्छ लिहिणं या दोन गोष्टींना कचेरीत, कोर्टात, वर्तमानपत्रात सगळीकडे गिऱ्हाईक असतं. अडचण एवढीच की नोकरीच्या जाहिरातीत कुणी त्या नावाने मागत नाही.

समीक्षेचा पेपर बहुतेकांना जड जातो. तो पहिल्या वाचनात कुणालाच कळत नाही, शिकवणाऱ्यांनाही कळलेला नव्हता.

मेजर, मायनर, क्रेडिट हा काय घोळ आहे?

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण गोव्यात 2023-24 पासून पदवीला लागू झालं, तेव्हापासूनचा हा घोळ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स किमान 160 क्रेडिटची. तीन वर्षांच्या पदवीत किमान 60 क्रेडिट मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, आणि 24 मायनरचे, म्हणजे जोडविषयाचे. उरलेले भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखांचे कोर्स आणि इंटर्नशिप यांत वाटलेले. एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तासांचं शिकवणं, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर 60 तासांचा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर ठरलेल्या अटी पुऱ्या करून सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. पण एका वर्षाचं सर्टिफिकेट हातात घेऊन नोकरी शोधायला जाण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

मी मराठी माध्यमातला. कॉन्व्हेंटच्या मुलांपुढे टिकेन का?

हा प्रश्न सगळ्यांत हळू आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

पहिली दोन सेमिस्टर जड जातात. कारण व्याकरण नव्हे, वाचनाचा वेग. पणजी-मडगावच्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी तासात तीस पानं वाचते तिथे तुमची बारा होतात, आणि कादंबरी तीनशे पानांची असते. याला उपाय एकच: रोज वाचणं. गाईड वाचून हा वेग येत नाही, उलट कमी होतो. लहान कथांपासून सुरुवात करा, प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका, पानभरात चार शब्द अडले तर पुढे जा.

आता दुसरी बाजू. मराठी वाचून वाढलेल्या मुलाला कविता म्हणजे काय हे आधीच ठाऊक असतं. त्याने अभंग ऐकलेले असतात, ओव्या ऐकलेल्या असतात, गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक रात्रभर जागून पाहिलेलं असतं. पात्र रंगमंचावर येऊन स्वतःच्या मनातलं प्रेक्षकांना सांगतं हा शेक्सपिअरचा प्रकार त्याला परका वाटत नाही. समईच्या उजेडात पेटाऱ्यावर बसून बोलणारा राजा त्याने पाहिलेला असतो. घरी इंग्रजी बोलणाऱ्या काही मुलांकडे भाषा गुळगुळीत असते, पण सांगायला काही नसतं. तिसऱ्या वर्षाच्या निबंधांत हे उघडं पडतं. उच्चारांची तर अजिबात काळजी करू नका. पेपर उच्चारांवर तपासला जात नाही.

एक अट मात्र आहे. वर्गात तोंड उघडावं लागेल. चुकीच्या इंग्रजीत, अडखळत, मध्ये कोंकणी घालून, कसंही. सहा सेमिस्टर मागच्या बाकावर गप्प बसून पहिला वर्ग मिळवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि मुलाखतीच्या खोलीत त्यांचं काय होतं तेही ऐकून आहे.

कोणत्या कॉलेजात जावं?

घराजवळच्या. उत्तर निराशाजनक वाटेल, पण आर्ट्सला ते बरंचसं खरं आहे. मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही दोन्ही मुक्तीनंतर लगेच, 1962 साली सुरू झालेली. म्हापशाचं सेंट झेवियर्स, नुव्याचं मुलींसाठीचं कार्मेल, ही जुनी नावं सगळ्यांना माहीत असतात. पण साखळी, खांडोळा, केपे, पेडण्यात विर्नोडा इथे सरकारी कॉलेजं आहेत, आसगाव आणि फर्मागुडीलाही कॉलेजं आहेत. सत्तरीतल्या मुलीने रोज दोन बस बदलून पणजी गाठण्यात जे तास जातात, तेवढ्यात आठवड्याला एक कादंबरी वाचून होते. चौकशी करायची तर तीनच गोष्टींची करा: इंग्रजी तिथे मेजर म्हणून आहे की फक्त मायनर, विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती, आणि लायब्ररीत मुलांना स्वतः कपाटातून पुस्तक काढू देतात का. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यावरून कॉलेजचा स्वभाव कळतो.

पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. 1832 साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाचं सभासदत्व पहिल्या महिन्यातच घ्या. तिथे परीक्षांच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांनी टेबलं भरलेली असतात, त्यामानाने साहित्याच्या कपाटांपाशी गर्दी नसते.

मायनर कोणता घ्यावा?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो बहुतेक जण प्रवेशाच्या रांगेत उभं राहून, मैत्रीण काय घेते ते बघून सोडवतात.

नुसत्या इंग्रजीला बाजारात भाव कमी, हे स्पष्ट सांगतो. इंग्रजी अधिक काहीतरी, याला चांगला भाव आहे. ते "काहीतरी" मायनरमधून किंवा बाहेरून उभं करायचं. मानसशास्त्र घेतलं तर समुपदेशनाच्या पुढच्या शिक्षणाचा विचार करता येतो. इतिहास घेतला तर संग्रहालयं, वारसास्थळं, पर्यटन. कॉलेजात पत्रकारिता किंवा मास कम्युनिकेशन असेल तर वर्तमानपत्रं.

आणि गोव्यात अशी एक वाट आहे जी भारतात इतरत्र सहसा सापडणार नाही: पोर्तुगीज. इथला कौटुंबिक कायदा अजून 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. जमिनीचे जुने दस्त, लग्नाच्या नोंदी, वारसांत मालमत्ता वाटण्याच्या प्रक्रियेचे, म्हणजे इन्व्हेंटरीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. घराघरांत पेटीच्या तळाशी असे कागद असतात आणि ते वाचणारी पिढी संपत आली आहे. वकिलांना, नोटरींना, परदेशातून आपली मुळं शोधत येणाऱ्या गोवेकरांना हे कागद इंग्रजीत हवे असतात. पणजीतलं पुराभिलेखागार 1595 साली स्थापन झालेलं, तिथे पोर्तुगीजच्या जोडीला मोडी लिपीतली मराठी कागदपत्रंही आहेत. इंग्रजी, पोर्तुगीज, मराठी आणि मोडी वाचता येणारा पंचविशीतला माणूस गोव्यात शोधून पाहा. विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे, शहरात वर्गही चालतात. तरी शंभरातली दोन मुलं तिकडे वळली तर खूप. पालकांना वाटतं, पोर्तुगीज गेले, आता त्यांची भाषा कशाला?

कॉलेजात हे विषय मायनर म्हणून नसतील तर संध्याकाळचा वर्ग लावा. तीन वर्षांत बरीच मजल गाठता येते.

शिक्षक व्हायचं तर नेमकं काय काय लागतं?

हायस्कूलसाठी पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड. आल्तिनोवरची निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याचं दादा वैद्य कॉलेज ही बी.एड.ची जुनी ठिकाणं. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. हायर सेकंडरीला एम.ए. आणि बी.एड. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.ए.ला 55 टक्के, राखीव गटांना सवलत, आणि त्यावर नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. गोव्यातली मुलं नेटबरोबर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती महाराष्ट्र-गोव्याची सेटही देऊ शकतात. यूजीसीच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर या पदाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे. पीएच.डी. असेल तर चांगलंच, पण सक्ती नाही.

हे झालं नियमांचं. प्रत्यक्षात नेट पास होऊन लगेच कायम नोकरी, असं घडत नाही. आधी "लेक्चर बेसिस"वर, म्हणजे तासांवर पैसे. मग जमलं तर कॉन्ट्रॅक्टवर. जून ते एप्रिल शिकवायचं, मे महिन्यात घरी बसायचं, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. काही जण यात चाळिशीपर्यंत अडकतात. शिकवणं मनापासून आवडत असेल तर ही वर्षं सोसली जातात. फक्त "सुट्ट्या असतात, सुरक्षित आहे" म्हणून आलेल्यांचे हाल होतात. मुलीसाठी शिक्षकी बरी, असं म्हणणाऱ्या वडिलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण ही माहिती त्यांच्या वेळची, वीस-पंचवीस वर्षं जुनी असते.

हायस्कूलमध्ये परिस्थिती थोडी वेगळी आहे. इंग्रजी नीट शिकवणारे, मुलांना पुस्तक वाचायला लावणारे शिक्षक गावांतल्या शाळांना हवे आहेत. प्राध्यापकी हीच प्रतिष्ठा आणि हायस्कूल म्हणजे तडजोड, हा आपल्याकडचा समज मुलांचं नुकसान करतो.

शिकवायचं नसेल तर?

वर्तमानपत्रं आहेत. गोव्यात द नवहिंद टाइम्स 1963 पासून निघतो आणि हेराल्ड 1900 साली पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन 1983 मध्ये इंग्रजी झाला. एवढ्याशा राज्यात इंग्रजी, मराठी, कोंकणी मिळून जेवढी दैनिकं आहेत ते पाहता नवख्याला आत शिरायला जागा मिळते. पगार सुरुवातीला बेताचा. पण दोन वर्षं पंचायतीच्या सभा, विधानसभा आणि कोर्ट कव्हर केलेला माणूस नंतर कुठेही लिहू शकतो. मराठी आणि कोंकणी दोन्ही येणारा बातमीदार गावात जाऊन बोलू शकतो, तिथेच निम्मी बातमी मिळते.

अनुवादाकडे मी जास्त आशेने पाहतो. कोंकणी लेखक दामोदर मावजो यांना 57 वा ज्ञानपीठ मिळाला, त्याआधी रवींद्र केळेकरांना मिळाला होता. कोंकणी लेखन गोव्याबाहेर पोचायचं तर अनुवादाला पर्याय नाही, आणि गोमंतकीय मराठी साहित्याचा तर फारच थोडा भाग इंग्रजीत आला आहे. बा. भ. बोरकरांसारखा दोन्ही भाषांत लिहिणारा कवी घ्या: त्यांना इंग्रजीत नेणाऱ्याला मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही अंगवळणी हव्यात. साहित्याच्या अनुवादावर घर चालत नाही. त्यासाठी कायद्याची कागदपत्रं, कंपन्यांची पत्रकं, सिनेमाची सबटायटल्स अशी कामं करावी लागतात. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून पणजीत होतो, त्याच्या आसपास मजकूर लिहिण्याची, पाहुणे सांभाळण्याची हंगामी कामं निघतात; पैशांपेक्षा ओळखींसाठी ती करावीत.

प्रकाशन क्षेत्र गोव्यात लहान आहे, पण आहे. संपादन आणि प्रूफरीडिंगची कामं आता घरून दिल्ली-बंगळुरूच्या प्रकाशकांसाठीही करता येतात.

वकिली हा मला सगळ्यांत न पटणारा पण सगळ्यांत यशस्वी होताना दिसलेला मार्ग. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. मिरामारच्या साळगांवकर किंवा मडगावच्या कारे लॉ कॉलेजात करता येतं. मजकूर बारकाईने वाचण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्यांना तिथे निकालपत्रं वाचताना घाम फुटत नाही. चांगले वाचक आमच्याकडून तिकडे जातात, एवढीच माझी तक्रार.

एम.बी.ए.लाही पदवी कुठलीही चालते. साखळीची गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट कॅटसारख्या परीक्षांतून प्रवेश देते, आणि तिथे गणिताची तयारी वेगळी करावी लागते. हॉटेल, विमान कंपन्या, क्रूझ यांचं म्हणाल तर इंग्रजी बोलणाऱ्यांना गोव्यात या नोकऱ्या मिळतात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यावर पेडण्यातली मुलं हे जास्तच विचारू लागली. पण केबिन क्रूला सहसा बारावी पुरते. ठरलेलं ध्येय तेच असेल तर तीन वर्षं शेक्सपिअर वाचण्यात कशाला घालवायची?

सरकारी नोकरी मिळेल का?

ज्या पदांना "कोणतीही पदवी" चालते त्या सगळ्यांना तुम्ही पात्र. इंग्रजीमुळे ना जास्त गुण, ना कमी. गोवा सरकारच्या जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान अत्यावश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, शिवाय 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. तो मामलेदार कचेरीतून वेळेत काढून ठेवा. शेवटच्या दिवशी धावणारे बरेच असतात.

यूपीएससीला इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, 250 गुणांचे दोन पेपर. पहिल्यात 1600 ते 1900 आणि दुसऱ्यात 1900 ते 1990 हा काळ येतो, म्हणजे बी.ए.चा बराचसा अभ्यास कामी येतो. तरी मराठी किंवा कोंकणी साहित्य घेण्याचा विचार करून पाहा. वैकल्पिक विषय पदवीचाच असला पाहिजे असं नाही.

एआय आल्यावर इंग्रजीवाल्यांना कोण विचारणार?

पालकांचा हा नवा प्रश्न, आणि अगदी रास्त आहे. वेबसाइटसाठी पानभर मजकूर लिहून दे, भाषा सुधारून दे, ढोबळ भाषांतर करून दे, अशी नवख्यांना मिळणारी कामं यंत्राने खरोखरच खाल्ली आहेत. पूर्वी टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलं त्यावर पॉकेटमनी काढायची.

राहिलं आहे ते तपासणीचं काम. यंत्राने केलेलं मराठी भाषांतर वाचलं की दोन ओळींत कळतं, हे आपलं नाही. पण ते कळायला आधी चांगलं मराठी आणि चांगलं इंग्रजी दोन्ही मुरलेलं हवं. जे विद्यार्थी असाइनमेंट यंत्राकडून लिहून घेतात ते नेमकी हीच मुरवण चुकवतात. आम्हाला ते ओळखू येतं, आणि नाही आलं तरी नुकसान त्यांचंच. तांत्रिक लेखनात, म्हणजे औषधं, यंत्रं, सॉफ्टवेअर यांची माहितीपत्रकं लिहिण्यात अजून माणसं लागतात, पण तिथे विषयही समजावा लागतो. पुन्हा तेच: इंग्रजी अधिक काहीतरी.

चौथं वर्ष करावं का?

एम.ए. करायचं नक्की असेल तर विचार करा, कारण चार वर्षांची पदवी घेतली की एम.ए. एका वर्षात करता येतं. म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट नेट देऊन पीएच.डी.कडेही जाता येतं. पण बी.एड., एलएल.बी. किंवा नोकरी हा बेत असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडा. कॉलेज आग्रह करील. त्यांना वर्ग भरायचे असतात.

एम.ए. गोव्यातच करावं की बाहेर?

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत इंग्रजी विभाग आहे. शेजारीच मराठी, कोंकणी, हिंदी, पोर्तुगीज, फ्रेंच. ही शेजारगत वापरणारा विद्यार्थी तिथे खूप मिळवतो. प्रवेशासाठी विद्यापीठाची परीक्षा असते.

तरी ज्याला जमेल त्याने दोन वर्षं बाहेर काढावीत असं मला वाटतं. हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, जे 1958 साली संस्था म्हणून सुरू झालं; भाषाशिक्षणात जायचं असेल तर तिथे जरूर प्रयत्न करा. हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू यांना सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. पुणे आणि मुंबई जवळ आहेत, पण गोव्यातली मुलं तिथे गोव्यातल्याच मुलांबरोबर राहतात.

परदेशी जायचं तर आयएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागू शकते. तिचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून घाईने देऊ नका. पैशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आणि राज्याची गोवा स्कॉलर्स योजना यांच्या त्या त्या वर्षीच्या अटी आधी पाहा, मगच बँकेत जा.

मुलगी इंग्रजी शिकली की मराठी सोडणार, अशी भीती वाटते.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. गोव्यात भाषेवरून घरं दुभंगलेली आहेत. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावरचा 1967 चा जनमत कौल, कोंकणीला राजभाषा करणारा 1987 चा कायदा, प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून 2011 चा वाद, प्रत्येक पिढीला तिची आठवण आहे.

पण इंग्रजीचं इथलं मूळ थोडं निराळं आहे हे लक्षात घ्या. मेकॉलेने 1835 साली ज्या भारतासाठी इंग्रजी शिक्षणाची शिफारस करणारं आपलं टिपण लिहिलं त्यात गोवा नव्हता. इथे राज्य पोर्तुगीजांचं, तरी लोकांनी आपण होऊन इंग्रजी शाळा काढल्या, कारण मुंबईला पोटासाठी जायचं होतं. हडफड्याची सेंट जोसेफ शाळा 1887 ची, मुक्तीच्या कितीतरी आधीची. इंग्रजी इथे राज्यकर्त्यांनी लादली नाही, बोटीने प्रवास करणाऱ्यांनी घरी आणली.

मराठी सुटते ती इंग्रजी शिकल्याने नव्हे, मराठी न वाचल्याने. घरात एक मराठी दैनिक आणि वर्षाला चार पुस्तकं येत असतील तर मुलगी दोन्हीकडे राहील. घरातच काही येत नसेल, तर तिने कॉमर्स घेतलं तरी मराठी सुटेलच.

इंग्रजी मेजर कुणी घेऊ नये?

ज्याला वाचायला आवडत नाही त्याने. "आवडेल हळूहळू" असं आईवडील म्हणतात, क्वचित आवडतं. सायन्सला गुण कमी पडले आणि कॉमर्स नको म्हणून उरलेल्या जागी आलेल्यांनी एकदा भूगोल, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांचे अभ्यासक्रम चाळून पाहावेत. पदवीनंतर सहा महिन्यांत ठरावीक पगार सुरू होणं ज्या घराला अत्यंत गरजेचं आहे, तिथेही मी थेट कौशल्याचा कोर्स सुचवतो. साहित्य वाचायला पदवी लागत नाही.

प्रवेश झाला. कॉलेज सुरू होईपर्यंत काय करू?

एक जाड वही घ्या आणि रोज एक पान इंग्रजीत लिहा, कशावरही: पावसावर, वाड्यावरच्या भांडणावर, कदंब बसच्या कंडक्टरवर. दाखवू नका कुणाला. एखादी इंग्रजी कथा निवडून तिचा मराठीत अनुवाद करा. एक पान करायला किती वेळ लागतो ते कळेल आणि दोन्ही भाषांत कुठे कच्चे आहात तेही. आधीच्या बॅचच्या कुणाकडून अभ्यासक्रमातली कादंबरी मिळवून ती निवांत वाचा. गाईड मात्र घेऊ नका, दुकानदार आग्रहाने देईल. आणि शाळेतलं जुनं व्याकरणाचं पुस्तक माळ्यावर टाकलं असेल तर ते खाली काढा, ध्वनी आणि वाक्यरचनेच्या पेपराला लागेल.